ऑकलंड ते लॉस एंजेलिस, मार्गे पनवेल

विमान निघण्याआधी पोचू शकतं का, हा प्रश्न पनवेलच्या लाइन आळीत त्या शुक्रवारपर्यंत कुणाला पडलेला नव्हता. आळीचा सगळा अनुभव जमिनीवरच्या वाहनांचा. त्यांतली काही निघूनही पोचत नाहीत, हे आळीने सोसलं होतं. पण आधी पोचून मग निघणारं वाहन आळीच्या पाहण्यात नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी सुमतीकाकू एका हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान आणि दुसऱ्या हातात चष्मा घेऊन कर्णिकांच्या दारात उभ्या राहिल्या. इमारतीत फोन एकट्या सुमतीकाकूंकडे. त्यामुळे इमारतीतली बारशी, बदल्या आणि मयतं आधी त्यांना कळत, मग ज्याची त्याला.

"वरदचा फोन होता. लिहून घेतलंय. वाचते," त्या म्हणाल्या.

वरद म्हणजे कृष्णकांतराव आणि वसुंधराबाई कर्णिकांचा एकुलता एक मुलगा. मालवाहू बोटीवर इंजिनिअर. आजवर तो मुंबईलाच बोटीवर चढायचा आणि मुंबईलाच उतरायचा. या खेपेला मात्र कंपनीने त्याला न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला उतरवलं आणि अमेरिकेत लॉस एंजेलिसला दुसऱ्या बोटीवर चढायला सांगितलं. मधला प्रवास विमानाने. आयुष्यातलं पहिलं विमान.

"सोमवारी दुपारी तीनला ऑकलंडहून विमान सुटणार," सुमतीकाकूंनी वाचलं. "सोमवारी सकाळी सहाला लॉस एंजेलिसला पोचणार. पोचल्यावर फोन करतो. आईला सांगा, काळजी करू नको. संपलं."

कृष्णकांतरावांनी पान हातात घेतलं. ते भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार होते. कागदावर लिहिलेलं काहीही जागेवर जाऊन तपासल्याशिवाय खरं मानायचं नाही, ही सव्वीस वर्षांच्या नोकरीची कमाई होती.

"सुमतीताई, काहीतरी उलटं झालंय."

"कर्णिक, मी बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक कॉल जोडलेत. त्यावर लोकांची लग्नं जुळली, मोडली. एक निरोप चुकलेला नाही. दोनदा विचारून घेतलंय. सोमवार तीन, सोमवार सहा."

"मंगळवारी सकाळी सहा असेल."

"तो सोमवार म्हणाला."

"अहो, पण आधी पोचून मग निघेल कसा?"

"ते मला काय विचारता? मी निरोप घेते, अर्थ घेत नाही." आणि चष्मा घालून, मान ताठ करून त्या निघून गेल्या.

गोष्ट इथे मिटली असती. जगात न कळणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात आणि मध्यमवर्गीय माणूस त्यांच्यावर फडकं झाकून जेवायला बसतो. पण आतून पदराला हात पुसत वसुंधराबाई आल्या आणि म्हणाल्या, "मी देव पाण्यात ठेवणार."

कृष्णकांतरावांनी पान खाली ठेवलं.

बाकीचं जग 'देव पाण्यात घालून बसलोय' असं नुसतं म्हणतं. वसुंधराबाईंच्या माहेरी ते करत. देव्हाऱ्यातले सगळे देव तांब्याच्या घंगाळात, वर गळ्यापर्यंत पाणी, आणि कार्य सिद्धीस जाईपर्यंत घरच्या बाईने अन्न नाही, पाणी नाही. दोन वर्षांपूर्वी वरदच्या परीक्षेच्या निकालाला त्यांनी हे केलं होतं. निकाल अठरा तासांनी कळला. मुलगा पास झाला आणि आई सलाइनवर गेली. डॉक्टर म्हणाले होते, "पुन्हा असं केलंत तर मला बोलावू नका, पाण्यातून त्यांनाच बाहेर बोलवा." आता तर रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि त्या उपाशीपोटी चालत नव्हत्या.

म्हणून हे विमान नक्की किती तास हवेत राहणार, हे कळणं निकडीचं झालं. मुलाची काळजी घ्यायला पायलट होता. बायकोची घ्यायला कृष्णकांतराव एकटेच.

आधी भागवतगुरुजींना बोलावलं. गुरुजींनी कॅलेंडरचं पान वाचलं, उलटं करून मागची एकादशी वाचली, आणि पुन्हा सुलटं केलं.

"विधी असा, की माणूस निघाला की देव पाण्यात, पोचला की बाहेर. या कागदाप्रमाणे सकाळी सहाला देव बाहेर काढायचे आणि दुपारी तीनला आत घालायचे. म्हणजे जे आत नाहीत, ते बाहेर काढायचे." गुरुजींनी पान परत केलं. "याला आधार सापडत नाही. शिवाय संकल्पात देश आणि काळ उच्चारावा लागतो. न्यूझीलंड जंबुद्वीपात येतं का, हे वडिलांनी मला सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे तसं गिऱ्हाईकच आलं नाही."

"मग करायचं काय?"

"सोमवारी पहाटे पाचला ठेवा, फोन आला की काढा. चार तास जास्त झाले तरी देवांचं काही जात नाही."

"देवांचं नाही हो जात," कृष्णकांतराव म्हणाले. पण गुरुजी तोवर चपला शोधत होते.

शनिवारी सकाळी कृष्णकांतरावांनी सुमतीकाकूंच्या फोनवरून मुंबईतल्या एका विमान कंपनीची चौकशी खिडकी गाठली. गाठायला एक तास दहा मिनिटं लागली.

"ऑकलंडहून लॉस एंजेलिसला किती तास लागतात?"

"तिकीट नंबर?" पलीकडून एक बाई म्हणाल्या.

"तिकीट मुलाकडे आहे. तो ऑकलंडला आहे."

"मग त्यांना विचारायला सांगा."

"अहो, मी फक्त अंतर विचारतोय. अंतराला तिकीट कशाला?"

"सर, आमचं विमान तिकडे जात नाही."

"मग कुणाचं जातं?"

"ते त्यांच्या चौकशीला विचारा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. कृष्णकांतरावांना राग आला; पण त्यात थोडा आदरही होता. इतक्या कमी शब्दांत माणसाला परत पाठवणं त्यांना स्वतःला सव्वीस वर्षांत जमलं नव्हतं.

आता एकच मार्ग उरला. मोजणी. ज्या माणसाने अर्धा पनवेल तालुका साखळीने मोजला, त्याला दोन विमानतळांमधलं अंतर मोजता येऊ नये, ही नामुष्कीच. फक्त नकाशा हवा. तो वडाळे तलावाजवळच्या शाळेत होता आणि शाळेच्या हेडक्लार्कच्या ताब्यात होता. या हेडक्लार्कच्या भावाचा तक्का गावातला प्लॉट मोजायला कृष्णकांतरावांनी सात महिने लावले होते.

"या या, कर्णिकसाहेब," हेडक्लार्क प्रसन्न हसून म्हणाले. "नकाशा ना? अर्ज करा. दोन प्रतींत."

कृष्णकांतरावांनी अर्ज केला.

"कारण?"

"मुलाचा प्रवास मोजणे."

"लगतच्या खातेदारांना नोटिसा दिल्यात? नाही, तुमच्याकडे लागतात म्हणून विचारलं."

कृष्णकांतरावांनी ते गिळलं. दीड तासाने 'जगाचा नकाशा, कापडी, नग एक, वरखालच्या काठ्या मोडलेल्या' अशी पोच देऊन, सोमवारी संध्याकाळी सातच्या आत शाळेच्या रखवालदाराकडे परत करण्याच्या अटीवर, जग त्यांच्या ताब्यात आलं.

रविवारी दुपारी कर्णिकांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर जग टांगलं गेलं. दोऱ्याचं दुसरं टोक धरायला भगवान आला. भगवान त्यांच्या कार्यालयात साखळी धरायचा. कामोठ्याकडचा आगरी माणूस, वय पन्नाशीपुढे. साहेबांनी 'धर' म्हटलं की धरायचं आणि 'सोड' म्हटल्याशिवाय सोडायचं नाही, एवढ्या एका गुणावर टिकलेला.

ऑकलंड नकाशाच्या पार उजव्या कडेला सापडलं. लॉस एंजेलिस पार डाव्या अंगाला. मध्ये सगळं जग.

"लय लांब हाय, साएब," भगवान म्हणाला.

"धर," कृष्णकांतराव म्हणाले.

इथे एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. पृथ्वी गोल आहे हे त्यांना शाळेपासून माहीत होतं. पण सव्वीस वर्षांत त्यांनी मोजलेलं एकही गाव गोल निघालं नव्हतं. मोजणीत नकाशाची कड ती गावाची शीव. कडेपलीकडे दुसरं गाव, दुसरी फाइल, दुसरा मोजणीदार. तिकडे बघायचं नसतं.

दोरा सरळ ताणला तर तो लंकेच्या खालून, भर समुद्रातून जात होता. ते कृष्णकांतरावांना पटेना. शहाणा पायलट खाली जमीन ठेवूनच जाईल. काही झालं तर उतरता तरी येतं. मग दोरा ऑस्ट्रेलियावरून सिंगापूरला, तिथून मुंबईला, मुंबईहून लंडन, न्यूयॉर्क आणि शेवटी लॉस एंजेलिस असा जागोजाग टाचण्या टोचून नेला. मोजणी झाली. एकोणतीस हजार किलोमीटर. विमानाचा वेग ताशी साडेआठशे, हे एका जुन्या मासिकात होतं. भागाकार केला. चौतीस तास.

"म्हणजे सोमवारी तीनला निघून मंगळवार उलटून रात्री एकला," कृष्णकांतराव हळूच म्हणाले. पहाटे पाचपासून धरलं तर वसुंधराबाईंना पाण्याशिवाय चव्वेचाळीस तास. अठरा तासांना सलाइन, तर चव्वेचाळीसला काय, हा हिशेब त्यांनी केला नाही.

सुमतीकाकूंनी मात्र दोऱ्याकडे नीट पाहिलं आणि एकदम ओरडल्या, "अगं वसुंधरा, हे विमान पनवेलवरून जाणार!"

खरंच जात होतं. मुंबईच्या टाचणीला लागूनच पनवेल. कृष्णकांतरावांनी पुन्हा भागाकार केला: मंगळवारी पहाटे साडेपाच. बातमी तासाभरात आळीत पसरली. गच्चीवर जमायचं ठरलं. कुणी म्हणालं, टॉर्च दाखवू. कुणी म्हणालं, टॉर्चने विमानं खाली उतरतात, नको. सुमतीकाकूंनी पांढरी डबल चादर फडकवायची जबाबदारी घेतली आणि ती तातडीने इस्त्रीला धाडली.

"अगं, चौतीस तास आहेत," एकांतात कृष्णकांतराव बायकोला म्हणाले. "निदान पाणी तरी घेत जा."

"तो चौतीस तास अधांतरी लटकणार, आणि मी पाणी पिऊ?"

"त्याला तिथे सरबत मिळत असेल गं!"

"मिळू दे. त्याच्यासाठीच तर देव पाण्यात."

सोमवारी पहाटे पाचला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, शाळिग्राम आणि एक टाक असे सगळे घंगाळात गेले. कृष्णकांतरावांनी किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरातील देव पाण्यात' असं लिहिलं आणि साहेबांनी ते न वाचता मंजूर केलं.

अन्नपूर्णा पाण्याखाली असल्याने घरात चूल पेटायचा प्रश्न नव्हता. सुमतीकाकूंनी कृष्णकांतरावांना दोन वेळा पोळीभाजी आणून दिली, ती त्यांनी चोरासारखी जिन्यात बसून खाल्ली. वसुंधराबाई घंगाळाशेजारी चटईवर. दुपारी तीनचे ठोके पडले तसे त्यांनी हात जोडले. "निघाला असेल." कृष्णकांतरावांनाही हात जोडावेसे वाटले, पण त्यांच्या हातात लिंबाच्या सरबताचा पेला होता.

"थोडं तरी घे."

"देव पाण्यात आणि मी सरबतात?"

पाचच्या सुमारास त्यांचा आवाज बारीक झाला. सहाला ओठ पांढरे पडले. साडेसहाला त्या उठायला गेल्या आणि भिंतीला धरून पुन्हा खाली बसल्या. "काही नाही, मुंग्या आल्या," त्या म्हणाल्या. कृष्णकांतराव घंगाळासमोर उकिडवे बसले. बाळकृष्णाला गुपचूप बाहेर काढून फोन आला म्हणून बायकोला सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, बाळकृष्ण सुमतीकाकूंना सांगेल. सगळं आधी त्यांनाच कळतं.

तेवढ्यात नकाशा परत न्यायला भगवान आला.

"साएब, सात वाजतील. न्यायचा ना?"

"ने बाबा. काय करायचंय आता जगाला ठेवून."

भगवानने नकाशा खाली घेतला, जमिनीवर पसरला आणि कार्यालयात मोजणीचे नकाशे गुंडाळतात तसा, छापील बाजू बाहेर ठेवून, आडवा गुंडाळला. कडेला कड आणली, बांधायला सुतळी काढली आणि थांबला.

"साएब."

"काय?"

"यो न्यूझीलंड नि यो अमेरिका. ह्यांचा बांदाला बांद हाय."

कृष्णकांतराव धडपडत आले. गुंडाळीच्या एका कडेला ऑकलंड. कडेला कड भिडलेली. तिच्यापलीकडे थोडा निळा समुद्र, आणि तिथे लॉस एंजेलिस. मध्ये ना सिंगापूर, ना मुंबई, ना लंडन. कालचा दोरा टाचण्यांसकट कोपऱ्यात लोळत होता. नवा दोरा लावला तर वीतभर आणि वर चार बोटं.

"बांदकरी निगाले," भगवान म्हणाला. "आनि आपुन गावाला वलसा घालून मोजलं."

"साडेदहा हजार," कृष्णकांतराव दोरा पट्टीला लावत म्हणाले. "भागिले साडेआठशे. बारा तास! वसुंधरा, चौतीस नाहीत गं, बारा तास आणि वर थोडं!" आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तीनला निघाला तो पहाटे साडेतीनला." अजून जवळजवळ नऊ तास होते. त्यांनी चटईकडे पाहिलं. नऊ तास त्या चेहऱ्यावर दिसत नव्हते.

वसुंधराबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "कुठले तीन?"

"म्हणजे?"

"आपले का तिथले? तुमची ती न्यूझीलंडची मॅच आठवा. पहाटे साडेतीनला उठून रेडिओ लावायचात आणि मला चहाला उठवायचात. पाच दिवस. तो मेला रेडिओवाला म्हणायचा, इथे सकाळचे अकरा वाजलेत, छान ऊन पडलंय. मी अंधारात स्टोव्हला पिन मारत होते, म्हणून पक्कं लक्षात आहे."

संसारात ज्या गोष्टींसाठी नवऱ्याने माफी मागायची राहिलेली असते, त्या बायको जपून ठेवते. कधी उपयोगी पडतील सांगता येत नाही.

"आपले साडेतीन, त्यांचे अकरा," कृष्णकांतराव बोटं मोजू लागले. "साडेसात तास पुढे. मग त्यांचे दुपारचे तीन म्हणजे आपले... सकाळचे साडेसात! अगं, तो सकाळीच उडालाय! तू तीनला हात जोडलेस तेव्हा तो निम्म्याच्या पुढे गेला होता. पावणेआठ-आठपर्यंत पोचतोच!"

"आनि तिकडं सोमवार सकाल कशी?" भगवानने विचारलं.

"तो त्यांच्या महसूल खात्याचा प्रश्न आहे," कृष्णकांतराव म्हणाले.

आवाज ऐकून आलेल्या सुमतीकाकू सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे सोमवार तीन, सोमवार सहा बरोबरच होतं. मी म्हटलं नव्हतं?" मग जरा थांबून, "आणि विमान पनवेलवरून...?"

"जात नाही."

"कडक इस्त्री केली हो चादरीला," त्या खिन्नपणे म्हणाल्या.

आठ वाजले. कृष्णकांतराव सुमतीकाकूंच्या फोनशेजारच्या स्टुलावर बसले. दोन्ही दारं उघडी होती. इथून पलीकडे चटईचं टोक आणि त्यावर वसुंधराबाईंची पावलं दिसत होती. सव्वाआठ. त्यांना वाटू लागलं, दोरा सैल धरला गेला असेल. साडेआठला फोन वाजला. ते झेपावले.

"सिलिंडरचा नंबर लावायचाय," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

कृष्णकांतरावांनी त्या माणसाला जे सांगितलं ते भूमी अभिलेख कार्यालयात कधी बोललं जात नाही. रिसीव्हर ठेवतात न ठेवतात तोच फोन पुन्हा वाजला. लांबलांब, परदेशातून आल्यासारखा.

"बाबा? पोचलो!"

"पोचला!" कृष्णकांतराव दोन्ही दारांतून ओरडले. चटईवरची पावलं हलली. घंगाळात हात गेला. बाळकृष्ण निघाला, अन्नपूर्णा निघाली, मागून बाकीचे. पंचावर निथळत रांगेने बसले. सुमतीकाकूंनी तांब्या पुढे केला. वसुंधराबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि मान वर करून एका दमात रिकामा केला. कृष्णकांतराव रिसीव्हर कानाला लावून इतक्या लांबून तो गळा हलताना बघत राहिले. चव्वेचाळीस तासांचं ओझं होतं, साडेपंधरात उतरलं. त्यांना स्टुलाच्या पाठीला टेकायचं होतं, पण स्टुलाला पाठ नसते.

"बाबा, ऐकताय ना? आईने काही उपासतापास नाही ना केला?"

"छे! पाणी पितेय मजेत. तू बोल. दमलास?"

"दमलो हो. काल... म्हणजे आजच, ऑकलंडला सोमवारी सकाळी सहाला उठलो. ऑफिसात रांग, सह्या, डॉक्टरी तपासणी, पुन्हा सह्या. कसाबसा सोमवार संपवून विमानात बसलो. मध्ये समुद्रात वार बदलायची रेषा लागते म्हणे; इथे उतरलो तर परत सोमवार सकाळ! नऊला बोटीवर हजर व्हायचंय. अख्खा सोमवार पहिल्यापासून."

कृष्णकांतरावांनी आपली नोकरी आठवून पाहिली. सव्वीस वर्षं सरकारी नोकरी झाली होती. बदल्या झाल्या, चौकश्या झाल्या, एकदा शिवेच्या भांडणात डोक्यात दगडही बसला होता. पण एका आठवड्यात दोन सोमवार त्यांच्या वैऱ्याच्याही वाट्याला आले नव्हते.

"सांभाळ रे, बाळा," ते म्हणाले आणि त्यांनी हलकेच फोन खाली ठेवला.